आपली जमीन, आपलं नाव

मैत्रिणींनो, भाड्याच्या घरात राहिला आहात का कधी? मग भिंतीत एक खिळा ठोकायचा तर आधी घरमालकीणबाईंचा चेहरा बघावा लागतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. लग्नानंतरची आठ वर्षं आम्ही डोंबिवलीत काढली. अकरा महिन्यांचा करार, तो संपत आला की पोटात गोळा. आठ वर्षांत चार बिऱ्हाडं झाली. आमचं कॅलेंडर कायम दाराच्या कडीला लटकलेलं असायचं.

मग २०२० साल आलं. टाळेबंदी लागली, ह्यांचा पगार अर्ध्यावर आला, मुलांची शाळा मोबाइलात शिरली. सासऱ्यांचा फोन आला, "दोन महिने इकडे या. भात तरी घरचं आहे." रोह्याजवळच्या धाटावला आम्ही दोन महिन्यांसाठी म्हणून आलो. ते दोन महिने अजून संपलेले नाहीत!

दुसऱ्याच दिवशी मी पडवीत उभी राहून अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, सवयीने विचारलं, "इथं खिळा ठोकू का हो?" अण्णा हसले. म्हणाले, "अगं, घर तुझंच आहे. खिळा कसला, चांगली खुंटी ठोक."

त्या दिवशी मला पहिल्यांदा मोकळं वाटलं. आज हे सगळं सांगते आहे ते या खिळ्यापायीच. अण्णांचं ते वाक्य मनापासूनचं होतं, पण कागदावर ते खरं नव्हतं. हे कळायला मला तीन वर्षं लागली.

शांती म्हणजे काय हो?

धाटाव म्हटलं की लोक लगेच विचारतात, "म्हणजे एमआयडीसी?" हो, तेच. रासायनिक कारखान्यांची वसाहत गावाला लागूनच आहे. रात्री तिकडचे दिवे दिसतात, पाळी बदलली की रस्त्यावर मोटारसायकलींची रांग लागते. वारा फिरला की एखाद्या रात्री वासही येतो, मग खिडक्या लावून झोपायचं. तेव्हा चित्रातल्यासारखी कौलारू शांती डोळ्यांपुढे आणू नका. वसाहत आली तेव्हा कितीतरी घरांची शेती गेली. आमची राहिली, ती चौतीस गुंठे. एकराला सहा गुंठे कमी! बावीस गुंठे भाताचे, आठ गुंठे वर माळ, त्यावर सहा आंबे, आणि उरलेल्या चार गुंठ्यांत घर, विहीर नि परसू.

या एवढ्याशा जमिनीवर घर चालतं का? नाही चालत. उगीच खोटं कशाला सांगू? म्हणून तर हे वसाहतीत नोकरीला लागले आणि मी रोह्याच्या एका शाळेत तासिकेवर शिकवते. पण वर्षाचे तांदूळ बरेचसे घरचे असतात. भात कापलं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतो, ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत हाताशी येतात. मोरीचं पाणी चर खणून अळू, केळी आणि कर्दळीला सोडलंय. शेवग्याचं एक झाड, एक कढीपत्ता, मांडवावर दुधी आणि पडवळ. महिन्याच्या शेवटी पर्स रिकामी असली तरी चुलीवर काही ना काही शिजणार, हा भरवसा फार मोठा. आता कुणी "घर खाली करा" म्हणणार नाही. शांती म्हणतात ती मला तरी याच रूपात भेटली.

मुलांचं म्हणाल, तर धाकटा आता आवण आणि गवत यांतला फरक ओळखतो. थोरली विहिरीवर बसून पाढे पाठ करते. आणि ह्यांचा चेहरा? डोंबिवलीच्या लोकलमधला तो चेहरा मी विसरूनच गेले आहे.

ही जमीन आली कुठून?

एका पावसाळ्यात आईंची, म्हणजे सासूबाईंची, लोखंडी ट्रंक ओल धरायला लागली म्हणून मी आतले कागद पडवीत पसरले. त्यात एक पिवळा पडलेला दाखला निघाला. अण्णा म्हणाले, "ते जपून ठेव. ते ३२-म चं सर्टिफिकेट. माझ्या वडिलांना जमीन मिळाली त्याचं."

मैत्रिणींनो, मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण हा इतिहास माझ्या घरातल्या ट्रंकेत असेल असं वाटलं नव्हतं. आपल्या या भागात पूर्वी खोतांचं राज्य. राबायचं कुळाने आणि धान्याचा मोठा वाटा जायचा खोताच्या घरी. त्याविरुद्ध शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी १९३३ साली संप केला. पुढारी होते नारायण नागू पाटील. जमीन कसायचीच नाही असं ठरलं, आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं! आपण एक महिना किराणा कमी भरला तर कासावीस होतो. त्या घरांतल्या बायकांनी सहा वर्षं चूल कशी पेटती ठेवली असेल? बाबासाहेब आंबेडकरांनी या शेतकऱ्यांची बाजू घेतली आणि १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला, १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरून कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. सरकारने ठरवलेली किंमत फेडली की तो ३२-म चा दाखला मिळायचा.

म्हणजे आमच्या पडवीतली शांती कुणीतरी उपास काढून मिळवलेली होती. पण दाखल्यावर नाव होतं आजेसासऱ्यांचं, पुढे सातबाऱ्यावर अण्णांचं. आवणाच्या मुठी डोक्यावर वाहणाऱ्या, गुडघाभर चिखलात वाकून लावणी करणाऱ्या, मळणीला उभ्या राहणाऱ्या बायका त्या ट्रंकेत कुठेच नव्हत्या. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही. मी कागद वाळवले, घडी घातली आणि ठेवून दिले.

एक सही

२०२३ च्या मे महिन्यात अण्णा गेले. दिवसकार्य झालं. मग येणारा-जाणारा जो तो ह्यांना एकच सांगू लागला, "बहिणीचं हक्कसोड करून घे बाबा. जमिनीचे भाव चढतायत. आज बहीण चांगली आहे, उद्या भाचे हिस्सा मागतील."

माझ्या नणंदबाई, आमच्या ताई, ह्यांच्याहून बारा वर्षांनी मोठ्या. सातवीनंतर शाळा सुटली, कारण घरी हे तान्हे आणि शेतात माणूस नाही. लग्न होऊन पेणला गेल्या. तिथे गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवतात. हात असा की डोळे रेखले की मूर्ती बघायला लागते!

श्रावणात त्या आल्या. येताना पापड आणले, भाच्यांना खाऊ आणला. जेवणं झाल्यावर ह्यांनी कागद पुढे ठेवला. नुसता मसुदा होता, नोंदणी पुढच्या आठवड्यात करायची होती. ताईंनी चष्मा लावला, बराच वेळ वाचलं. मग म्हणाल्या, "करते रे सही. माझं कुठे काय अडलंय. एवढंच सांग, यानंतर मी आले तर पाहुणी म्हणून यायचं का?"

कुणी काही बोललं नाही. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. आणि मी? मी उठून चहा टाकायला आत गेले.

मैत्रिणींनो, तो चहा मला अजून कडू लागतो. एरवी मी वर्गात मुलींना सांगते, मुलगा-मुलगी समान. आणि माझ्याच घरात ती वेळ आली तेव्हा मी आधणात साखर मोजत उभी राहिले. का? कारण सहीने माझंच घर पक्कं होणार होतं. खिळा ठोकायची जागा माझी होणार होती.

आणखी एक कारण होतं, ते सांगायला जड जातं. माझ्या माहेरी माणगाव तालुक्यात थोडी जमीन आहे. वडील गेल्यावर दादाने मला नोंदणीला नेलं. मी न वाचता सही केली. दुपारी त्याने आम्हाला मिसळ खाऊ घातली, वहिनीने साडी नेसवली. मी खुशीत परत आले. दादा माझा गुणी आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण मनाच्या तळाशी हे बसलं होतं, की मी केली, मग ताईंनीही करावी. आपल्यावर जे झालं तेच दुसरीवर होताना आपण कसं गप्प बसतो बघा.

त्या रात्री ताई आणि आई माजघरात झोपल्या. मी ह्यांना म्हटलं, "कागद राहू दे."

हे चिडले. त्यांचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं. आईंचं दुखणंखुपणं आम्ही बघतो, कौलं आम्ही बदलली, विहिरीचा उपसा आम्ही केला. "ताईला आपण काय कमी करतो का?" म्हणाले.

मी म्हटलं, "कमी करत नाही. पण देणारे आपण आणि घेणाऱ्या त्या, असं कशाला? जमीन त्यांच्याही वडिलांची आहे. खर्चाचा हिशेब मांडा, तो वेगळा मांडा. तुम्हाला पाठीवर घेऊन त्यांनी लावणी केली, तो हिशेबही मग त्यातच लिहा."

ह्यांनी कूस बदलली. सकाळी उठले, कागदाची घडी केली आणि ट्रंकेत ठेवली. ताईंना म्हणाले, "राहू दे गं. तिघांची नावं लावू." ताई काही बोलल्या नाहीत. चहाचा कप घेऊन विहिरीकडे गेल्या आणि बराच वेळ तिकडेच राहिल्या.

आता कामाचं बोलू

हे वाचून तुमच्यापैकी काहीजणी घरचे कागद शोधायला उठतील, म्हणून आम्ही जे शिकलो ते सोप्या शब्दांत सांगते.

'सातबारा' म्हणजे गावचे दोन नमुने एकत्र. सातमध्ये जमीन कोणाची, क्षेत्र किती, बोजा आहे का. बारामध्ये पीक कोणतं. एकाच माणसाच्या नावची गावातली सगळी जमीन एकत्र दिसते ती '८-अ'मध्ये. नाव बदललं की त्याची नोंद होते तिला फेरफार म्हणतात. हे उतारे आता मोबाइलवरही काढता येतात. मुलांना सांगा, पाच मिनिटांत काढून देतात. गावातल्या घराची नोंद मात्र ग्रामपंचायतीत असते, तीही बघून घ्या.

घरातलं माणूस गेलं की तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज तलाठ्यांकडे द्यायचा. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं द्यायची. सगळ्या म्हणजे मुलींचीसुद्धा, लग्न झालेल्या मुलींचीसुद्धा. मग नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

कायदा काय म्हणतो? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वडील गेले, तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर ती, सगळे सारखे वारस. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना मुलांसारखा जन्मसिद्ध हक्क दिला, पण तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात विवाहित, अविवाहित सगळ्या मुलींना तो मिळाला. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी पुन्हा उघडत नाही. इतर धर्मांचे कायदे निराळे आहेत, आणि प्रत्येक घराची गोष्टही निराळी असते, म्हणून मोठा प्रश्न असेल तर वकिलांना विचाराच.

हक्कसोडपत्र करणं हा काही गुन्हा नाही. एखादी बहीण आपखुशीने सोडते, तिचा तो अधिकार आहे. पण एकदा नोंदणी झाली की ते सहजासहजी फिरवता येत नाही. म्हणून सही करणारीने पूर्ण वाचावं, कागद घरी नेऊन चार दिवस ठेवावा, आणि दुःखाच्या किंवा सणाच्या दिवशी सही करू नये. आणि सही मागणाऱ्या घरातल्या सुनेने त्या वेळी चहा टाकायला आत जाऊ नये!

बायकोचं नाव

"नणंदेचं झालं, आपलं काय?" असं तुम्ही विचाराल. त्याचीही एक वाट आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. बायांनी तिथे आपली दुःखं मांडली. त्यातून पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली: शेतकऱ्याला आपल्या घामाचा दाम हवा, तर त्याने आधी घरच्या लक्ष्मीचं देणं फेडावं, जमिनीचा तुकडा तिच्या नावे करावा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत नवऱ्यांनी खरोखर बायकांच्या नावे जमिनी केल्या. कोर्टकचेरी नाही, भांडण नाही. १९९२ मध्ये सरकारनेही परिपत्रक काढलं, की पतीने स्वखुशीने अर्ज केला तर पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. अर्ज तहसील कार्यालयात करायचा.

आमच्या ह्यांनी अर्ज लिहिला त्याच आठवड्यात. त्यावर सही करायला मात्र चार महिने लावले! मी आठवण केली नाही. सातबारा काढून फक्त देवघराशेजारी ठेवला. आता अर्ज दिला आहे, बघू.

कागदांची एक घरगुती युक्ती. कोकणच्या पावसात ट्रंकेतले कागद ओल धरतात, कसर लागते. प्रत्येक दाखला वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला, ट्रंकेच्या तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरा आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा सगळं वारं दाखवून ठेवा. आणि ट्रंकेत काय काय आहे हे घरातल्या दोघींना तरी माहीत असू द्या.

वालाच्या शेंगा

सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली त्या दिवशी मी उतारा आईंना वाचून दाखवला. त्यांनी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "रेशनकार्डावर होतं. इथं पहिल्यांदाच लागलं." मग थोड्या वेळाने, "मला कधी कुणी विचारलंच नाही गं." ज्या बाईने त्या बावीस गुंठ्यांत पन्नास लावण्या केल्या, तिचं हे वाक्य.

ताईंनी हिस्सा मोजून मागितला नाही. परसाच्या कडेचे दोन गुंठे दाखवून म्हणाल्या, "इथं माझे वाल." गेल्या जानेवारीत त्या लेकाला घेऊन आल्या. शेंगा तोडल्या, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घातला, शेंगा, बटाटे, अंडी भरली, मडकं पालथं घालून पेंढा पेटवला. पोपटीचा तो वास तुम्हाला कसा सांगू! मुलं शेकोटीभोवती, आई खाटेवर, वसाहतीचे दिवे दूर. जमिनीचं पुढे काय होईल, भाचे काय म्हणतील, मला माहीत नाही. ह्यांच्या मनातली भीती पूर्ण गेलेली नाही, हेही मला दिसतं. पण ताई आता येताना फोन करून "येऊ का?" असं विचारत नाहीत. "येतेय," म्हणतात.

माझ्या माहेरचं मात्र झालं ते झालं. दादा म्हणतो, "कधीही ये." जाते मी. पण जाताना हातात काहीतरी घेऊन जाते, पाहुणीसारखी.

तर मैत्रिणींनो, या रविवारी दुपारी, सगळे घरात असताना, सातबारा काढून बघा. त्यावर कोणाची नावं आहेत आणि कोणाची नाहीत, तेवढंच आधी मोठ्याने वाचा. पुढचं बोलणं आपोआप निघेल.

पुढच्या वेळी सांगेन, वाल वर्षभर टिकावे म्हणून काय करायचं आणि बिरड्याची सालं झटपट कशी सोलायची ते.